गरव्या भाताची राखण

मी कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करतो, आणि दिवाळीच्या आधीच्या सुट्ट्यांत मी गावी जाऊन शिकार करतो अशी आमच्या शाखेत सगळ्यांची पक्की समजूत आहे. कधीतरी चहाच्या वेळी मी बोलून गेलो असेन, की रात्रभर डुकरांसाठी बसावं लागतं. ‘बरोबर कोण?’ ‘आई आणि कुत्रा.’ एवढ्या भांडवलावर लोकांनी पुढचं सगळं आपापलं रचलं. सोमवारी मी लाल डोळ्यांनी काउंटरवर बसलो की शेजारचा सहकारी विचारतो, ‘काय मग, किती पाडली?’ पलीकडून कुणीतरी विचारतं, ‘आमचा वाटा कुठाय?’ खुलासे करणं मी केव्हाच सोडून दिलं.

कोल्हापूरकरांना तरी काय बोलायचं? शिकारीला या शहरात संस्थानी थाट आहे. इथल्या दरबारात चित्ते पाळत आणि काळविटांवर सोडत. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं अजून उभी आहेत. मी ज्या रस्त्यानं गावी जातो त्या रस्त्यावरचं दाजीपूरचं जंगलसुद्धा मुळात संस्थानाचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. एसटी राधानगरी सोडून त्या झाडीत शिरली की रस्त्याच्या कडेला गव्याचं चित्र काढलेले फलक दिसू लागतात, मग फोंडा घाट, आणि घाट उतरला की सिंधुदुर्ग जिल्हा. आमचं गाव तिथंच, पायथ्याला, कणकवली तालुक्यात. फलकावरचा गवा अधूनमधून आमच्या मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभा राहतो. चित्र छोटं काढलेलं असतं हे तेव्हा कळतं.

आमचे कुणगे, म्हणजे भातखाचरं, व्हाळाच्या काठानं एकाखाली एक उतरत गेले आहेत. वरच्या कुणग्यांत हळवं भात, ते दसऱ्याच्या आसपास कापून होतं. खालचे पाणी धरणारे, त्यांत गरवं. ते दिवाळीपर्यंत उभं असतं, आणि खरी पंचाईत तिथंच. वाडीतली बाकीची शेतं रिकामी झाली की रानातली सगळी तोंडं या उरलेल्या भाताकडे वळतात. दिवसा केलडी, म्हणजे माकडं, आणि मोर, रात्री डुकरं, घाट उतरून आलाच तर गवा. दाण्यात दूध भरायला लागलं की डुकरांची ये-जा सुरू होते ती कापणीपर्यंत. बरं, डुक्कर खाऊन खाऊन किती खाईल? खाण्यापेक्षा तुडवणं जास्त. कळप आत शिरला की लोंब्या ओढण्यासाठी भात आडवं पाडतो, ओली जागा सापडली तर तिथं लोळून घेतो, आणि मेरेखाली गांडुळं असतील म्हणून मेर उकरून ठेवतो. पुढच्या पावसाळ्यात तिथून पाणी वाहून जातं ते वेगळंच.

डुकरं पूर्वीही होती. पण पूर्वी आमच्या कुणग्यांच्या चारही बाजूंना शेती होती. आता वरच्या अंगाची जमीन पड, पलीकडची पड, व्हाळापलीकडे तर माणूस शिरणार नाही इतकं रान माजलेलं. मालक मुंबईत, वसई-विरारला. गणपतीला येतात, दारासमोरचं गवत कापून घेतात आणि जातात. पूर्वी डुकराला डोंगरातून निघून भातापर्यंत यायला बरीच चाल पडायची. आता ते भाताच्या शेजारीच राहतं, पिल्लंही तिथंच घालतं. सगळा दोष रानाच्या माथी मारणाऱ्यांनी एकदा आपल्या गावातली कुलूप लावलेली घरं मोजून बघावीत.

आमच्या घरात बंदूक होती. आजोबांच्या नावाची, ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत आहेत; १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेखच आहे. आजोबांच्या काळात मात्र ती पीक राखण्यापेक्षा पारधीला जास्त बाहेर पडायची. शिमग्याच्या सुमाराला सगळी वाडी रानात शिरायची, हाकारे एका अंगानं, बंदूकवाले दुसऱ्या अंगाला वाटा धरून. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे. ज्याची गोळी लागली त्याचा मान वेगळा, देवाचा वेगळा, आणि कुत्र्यांचाही एक वाटा निघायचा. हे सगळं मला बाबांनी सांगितलेलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा बाबा तरुण होते आणि परळच्या एका गिरणीत कामाला होते. त्यामुळे त्यांच्या वाट्याला पारध थोडी आली आणि पारधीच्या गोष्टी पुष्कळ.

१९८२ चा गिरणी संप लांबत गेला आणि बाबा गावी परत आले ते कायमचे. पुढे परवाना त्यांच्या नावावर झाला. त्यांच्याबरोबर मी लहानपणी राखणीला बसलो आहे. बंदूक मांडीवर आडवी, शेजारी दारूचा डबा, काथ्या, गज. परतीच्या पावसात दारू सर्दाळायची. घोडा पडला की नुसती केप फुटायची. त्या आवाजानं डुक्कर पळायचं, हेही काही कमी नव्हतं. बाबांच्या हातून त्या बंदुकीनं किती डुकरं पडली याबद्दल घरात दोन मतं आहेत. आईचं मत मी तिच्याच शब्दांत देतो: “तुझ्या बापाशीन एक डुकर मारल्यान, नि ता धा वर्सां सांगत ऱ्हवलो.”

बंदुकीची आणखी एक गंमत आहे, ती शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका सहसा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आता विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा. २००९ साली १३ ऑक्टोबर. २०१४ साली १५ ऑक्टोबर. २०१९ साली २१ ऑक्टोबर. २०२४ साली मतदान २० नोव्हेंबरला गेलं, तेवढ्यानं हायसं वाटावं तर आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. म्हणजे दर पाच वर्षांनी, ज्या महिन्यात कोकणातलं भात पिकतं नेमक्या त्याच महिन्यात, ते राखण्यासाठी दिलेली बंदूक ठाण्यात. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. तारखा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाऊस असतो, सण असतात, परीक्षा असतात. गरवं भात नसतं.

बाबा २०२१ मध्ये गेले. बंदूक जमा केली. वारस म्हणून परवान्यासाठी मी अर्ज करावा असं वाडीतल्या चार जाणत्यांनी सुचवलं. आई नको म्हणाली, आणि तिच्या नको म्हणण्यामागे तिचा सगळा अनुभव होता.

कारण बाबा गिरणीत असताना, म्हणजे लग्नानंतरची कितीतरी वर्षं, राखण आईच करत होती. आधी आजीबरोबर, मग एकटी. आमच्याकडे ही साधी गोष्ट होती. पुरुष मुंबईला, त्यांची मनीऑर्डर महिन्याला, आणि नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं बायकांच्या अंगावर. घरात बंदूक असून ती आईनं कधी उचलली नाही, आणि भातही कधी सगळं गेलं नाही. गोष्टी मात्र बंदुकीच्याच झाल्या. पारधीच्या रात्रीचं मटण, त्याचे वाटे, कुणाची गोळी आणि कुणाचा नेम, हे मी लहानपणापासून इतकं ऐकलं आहे, की आई महिना महिना माळ्यावर झोपेविना बसायची हे माझ्या कानावर गोष्ट म्हणून कधी आलंच नाही. ती ते सांगण्यासारखं समजतच नव्हती.

आता मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जातो, कारण बँकेला सुट्टी तेव्हाच. मधल्या रात्री आई आणि टायगर.

टायगर हा आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, एक कान मुडपलेला. नाव पुतण्यानं ठेवलं आणि ते नाव ऐकून कुणाचा गैरसमज होऊ नये: बिबट्याची चाहूल लागली की टायगर आईच्या पायांमागे जाऊन उभा राहतो. बाबांना तो पसंत नव्हता. त्यांच्या मते कुत्रा म्हणजे डुकराला भिडणारा, कानाला धरून लोंबकळणारा, बंदूकवाला पोचेपर्यंत जनावर अडवून धरणारा. तसे कुत्रे आमच्या घरात होते आणि त्यांतले बहुतेक सुळ्यांनी फाटून मेले. आईची कसोटी निराळी. तिला भुंकणारा, पुढे जाणारा, पण मेरेपाशी थांबणारा कुत्रा लागतो. टायगर मेर ओलांडत नाही. तो डुकरावर धावून जातो ते दिसायला मोठं भयंकर असतं, पण कुणग्याच्या हद्दीवर त्याचे पाय आपोआप थांबतात आणि मग तिथून तो वाट्टेल ते बोलतो. शिकारीच्या माणसाला यात भित्रेपणा दिसेल. राखणीला असाच कुत्रा लागतो, कारण तो उद्याही जिवंत असला पाहिजे.

“बंदूक एक रात आवाज करता, कुत्रो रोज करता,” असं आई म्हणते. आणि आचारसंहितेत कुत्रा जमा करावा लागत नाही, हे माझं.

२६ ऑक्टोबर २०२४ चा शनिवार सांगतो. चौथा शनिवार, दिवाळी पुढच्या आठवड्यात, गरवं पिवळं पडत आलेलं. दुपारी फोंडाघाटला उतरलो, रिक्षानं वाडीत पोचलो. आई खळ्यात बसून डब्यांना दोर बांधत होती. “जेवलंस काय?” एवढंच विचारून तिनं एक डबा माझ्याकडे सरकवला. ही आमची यंत्रसामग्री: कुणग्याच्या लांबच्या कोपऱ्यात बांबू रोवायचा, त्याला तेलाचे रिकामे डबे टांगायचे, आत दगड, आणि दोर माळ्यापर्यंत आणायचा. माळ्यावरून दोर ओढला की तिकडच्या टोकाला खणखणाट होतो. याखेरीज कुणग्यांभोवती आईच्या जुन्या साड्या बांधलेल्या. वाऱ्यानं हलतात, माणसाचा वास असतो, म्हणून डुक्कर आठवडाभर बिचकतं. मग त्याला साड्यांची सवय होते. सलूनमधले केस आणून मेरेवर टाकण्याचाही प्रयोग वाडीत सगळे करतात. डुक्कर नाकानं हुंगत चालतं, केस नाकात जातात आणि ते मागे फिरतं, असं शास्त्र. पाऊस पडला की केस गेले आणि शास्त्रही गेलं.

शेजारच्या एकानं शहरातून भोंगा मागवला होता. बॅटरीवर चालणारा, दर थोड्या वेळानं त्यातून कुत्र्यांचं भुंकणं आपोआप सुरू होतं. टायगरनं सुरुवातीला त्या भोंग्याशी रात्र रात्र वाद घातला. दोन-तीन रात्रींत त्याच्या लक्षात आलं की पलीकडचे कुत्रे दर वेळी तेच आणि तेवढंच बोलतात, आणि त्यानं उत्तर देणं बंद केलं. डुकरांनाही साधारण तेवढेच दिवस लागले.

संध्याकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाऊन आम्ही निघालो. पायात गमबूट, हातात काठी. मेरेवर रात्री घोणस पसरलेली असते आणि सड्याकडच्या वाटेवर फुरसं. आई पुढे, मधे टायगर, मागे मी. आमच्यात सर्वांत कमी उपयोगाचा माणूस मागे असतो. माळा चार खांबांचा, वर पेंढा, खाली शेकोटी. टायगरची जागा शेकोटीपाशी, कारण बिबट्याचं भय त्यालाच सगळ्यात जास्त. यापूर्वीचा आमचा कुत्रा बिबट्यानंच नेला.

रात्र अंधारी होती. दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर वर येणार. राखणीत करायचं काय, असं मला विचारतात; करायचं काहीच नाही, ऐकायचं. पहिला तासभर मला सगळे आवाज सारखे वाटतात. बेडूक, रातकिडे, व्हाळाचं पाणी, लांबून घाट चढणाऱ्या ट्रकांचं कण्हणं. मोबाइल बघू लागलो की आई काही बोलत नाही, पण उजेडानं माझे डोळे बाद होतात आणि पुढची काही मिनिटं मी आंधळा असतो, हे तिला ठाऊक असतं आणि आताशा मलाही. मग हळूहळू आवाज सुटे होतात. वटवाघळं काजूच्या झाडात. कोल्हा सड्यावर. आईला मात्र यातलं काहीच ऐकावं लागत नाही. ती टायगरकडे बघते. कोल्ह्यासाठी तो नुसता कान हलवतो. माणूस असेल तर उभा राहून भुंकतो. डुक्कर असेल तर आधी भुंकतच नाही. मान पुढे, अंगावरचे केस ताठ, आणि घशात बारीक घरघर. ती घरघर माळ्यावर ऐकू येत नाही. आई उतरून खाली बसते आणि त्याच्या मानेवर हात ठेवते. आवाज तिला हाताला कळतो.

चंद्र उगवायच्या थोडा आधी ती घरघर सुरू झाली. टायगरचं तोंड व्हाळाकडे. मी बॅटरी उचलली तर आईनं हातानं खूण केली, थांब. हे थांबणं मला अजून जमत नाही. व्हाळापलीकडे झुडपं मोडल्याचा आवाज, मग पाण्यात पावलं, मग काही नाही. डुक्कर थांबून वास घेतं, त्याचं नाक आणि कान तिखट, डोळे अधू. आत्ता ओरडलो तर ते परत जात नाही. वळसा घालून दुसऱ्या बाजूनं येतं आणि तिकडून येतं तेव्हा आपल्याला कळत नाही. म्हणून त्याला मेरेपर्यंत येऊ द्यायचं. आपण आहोत हे त्याला अगदी तोंडाशी आल्यावर कळलं पाहिजे, म्हणजे तो धसका काही रात्री टिकतो. हे गणित बाबांच्या बंदुकीला कधी जमलं नाही, कारण बाबांना डुक्कर मेरेवर आलेलं हवं असायचं ते नेमासाठी.

साडीच्या पलीकडे काळं काहीतरी हललं. मग आणखी दोन, मागे बारकी. मादी आणि पिल्लं, कळप असणार. आईनं टायगरच्या मानेवरचा हात काढला आणि दोर ओढला.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटाचं. डब्यांचा खणखणाट, टायगरचं भुंकणं, आईची आरोळी, माझ्या बॅटरीचा झोत, आणि त्या झोतात पिल्लांची शेपटं वर करून पळणारी रांग. टायगर मेरेपर्यंत गेला, थांबला, आणि तिथं उभा राहून त्यानं त्यांना व्हाळापार पोचवलं. परत आला तेव्हा आईनं त्याला भाकरीचा तुकडा दिला. मला काही दिलं नाही.

मी विचारलं, “परत येतली?”

“येतली तर. आमी जागे आसव, इतक्याच तेंका कळाक व्हया.”

ती आमच्याकडे परत आली नाहीत. पहाटेच्या सुमाराला खालच्या अंगाला, म्हणजे भोंगा लावलेल्या कुणग्यांत, तुडवण्याचा आवाज आला. भोंगा भुंकत होता. टायगर उठून उभा राहिला, त्यानं आईकडे बघितलं. आईनं आपल्या बाजूचा दोर जोरानं ओढला, दोन हाळ्या दिल्या, पण अंतर फार. ती म्हणाली, तिथं आज कुणी नसणार, त्याची बायको आजारी आहे.

राखणीतला हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो आणि यावर कुणी बोलत नाही. जागा राहणारा माणूस डुक्कर नाहीसं करत नाही, ते झोपलेल्या माणसाच्या शेतात पाठवतो. पूर्वी वाडीत पाळी असायची. प्रत्येक घरातला एक जण, व्हाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माळ्यांची रांग, एकानं हाळी दिली की पुढच्यानं द्यायची. डुकराला शेवटी डोंगरच गाठावा लागायचा. आता रांगेतले बहुतेक माळे नाहीत, घरंच बंद. उरलेल्या तिघा-चौघांनी एकमेकांच्या शेतात डुकरं ढकलायची असा खेळ झाला आहे. त्या सकाळी आई टायगरला घेऊन खालच्या कुणग्यांत गेली आणि शेजाऱ्याचं आडवं झालेलं भात, जेवढं उचलण्यासारखं होतं तेवढं, कापून बांधून ठेवून आली. त्याबद्दल बोलणं झालं नाही.

परत येताना तिला पड जमिनीच्या तोंडाशी फासकी दिसली. दुचाकीच्या क्लचची तार, गाठ मारून, डुकराच्या वाटेवर. ही कुणी लावली ते वाडीत कळतं आणि कुणी बोलत नाही. अशाच तारांत कोकणात बिबटे अडकतात आणि ओढाताणीत मरतात. लावणं गुन्हा आहेच. टायगरचा तो मुडपलेला कान अशाच एका तारेतून सुटतानाचा. आईनं मला पक्कड आणायला सांगितली. तार तोडत असताना तिचं पुटपुटणं चालू होतं: “फासक्याक डुकर कळना नाय, कुत्रो कळना नाय, पोर कळना नाय.” सुतळी बॉम्ब, पिठात लपवलेले गावठी बॉम्ब, झटका मशीन सोडून थेट घरची वीज तारेत सोडणं, या सगळ्यांबद्दल तिचं हेच मत आहे. मारणारा तिथं हजर नसेल तर मारणं तिला मान्य नाही.

कायद्यानं मारता येतच नाही असंही नाही. १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी वनखात्याचे अधिकृत अधिकारी देऊ शकतात. गवा पहिल्या अनुसूचीत, त्याच्या बाबतीत पिकाचं कारण चालत नाही. पण परवानगी मिळाली तरी मारणार कोण? आईचं वय सत्तर. मी महिन्यातून दोन शनिवारांचा. बंदुका ठाण्यात. आणि एक कळप मारला तर पडीतला दुसरा कळप त्या जागी येतो, हे बाबांच्या एका डुकरानं आम्हाला पुरेसं शिकवलं आहे. कोल्हापुरात बसून ‘मारून टाका हो’ म्हणणाऱ्यांना आणि ‘बिचारी जनावरं, त्यांचंच जंगल’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: एक रात्र या. दोघांनाही झोपायला वेळ मिळणार नाही.

नुकसानभरपाईही आहे. अर्ज करायचा, पंचनामा होतो, नासलेलं क्षेत्र मोजतात, रक्कम येते. शेजाऱ्यानं केला अर्ज. मी आईला म्हटलं, आपणही वरच्या कोपऱ्याचा करू. ती म्हणाली, तिथं मूठभर गेलं, त्यासाठी कणकवलीला दोन हेलपाटे कोण घालणार. मूठभर का गेलं, तर ती जागी होती म्हणून. इथं माझ्यातला बँकवाला जागा झाला.

हिशोब साधा आहे. आमचं गरवं, बरं साल असेल तर, सहा क्विंटल. २०२४-२५ चा भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये. झाले १३,८०० रुपये. विकत नाही, घरीच खातो, पण किंमत एवढी. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत महिनाभर रात्रीची राखण. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये. रात्रपाळीचा वेगळा दर लावत नाही, कुत्र्याची भाकर धरत नाही, माझं एसटीचं तिकीट धरत नाही. एका माणसाच्या तीस रात्री, ८,९१० रुपये. बियाणं, खत, नांगरट, लावणी, कापणी अजून यायचीच आहे. आईला हा आकडा दाखवला तर तिनं कागद परत दिला आणि विचारलं, हे पैसे कोण देणार आहे?

कुणी नाही. आणि मी मागतही नाही. नुकसान झालं तर त्याला फॉर्म आहे, ते होऊ दिलं नाही तर त्याला काहीच नाही; निदान मोजा तरी, एवढंच माझं म्हणणं. पीक नुकसानीच्या अर्जात एक रकाना वाढवा: राखणीच्या रात्री किती, आणि कुणाच्या. कोकणात त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी बाईचं नाव येईल. भाताचा उत्पादन खर्च काढणाऱ्या साहेबांनाही विनंती आहे, की पुढच्या हंगामात आमच्या वाडीत या आणि आईला विचारा. फक्त दिवसा या. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत ती रात्री घरी नसते.